एक फूट फिल्म

आमच्या पिढीच्या नगरकरांना (आता अहिल्यानगरकर म्हणायचं, जीभ वळायला जरा वेळ लागतोय) फुकटचा सिनेमा तीन ठिकाणी मिळायचा. एक माहिती खात्याच्या गाडीवर, दुसरा गणपतीत आणि तिसरा मेहेरबाबांचा. पहिल्यात कुटुंबनियोजन असे, दुसऱ्यात मारामारी. तिसऱ्यात काहीच नसे. पांढरा सदरा आणि गुलाबी कोट घातलेला एक माणूस चालतो, हसतो, हार घालून घेतो, लोकांच्या हातात केळी ठेवतो, बस. तरी आम्ही तिसऱ्याला सगळ्यात आधी जाऊन बसायचो. शेवटी प्रसाद मिळायचा, हे आत्ताच कबूल केलेलं बरं.

हा सिनेमा मुका होता, आणि त्यातला माणूसही. बाबांनी 10 जुलै 1925 रोजी अरणगावाजवळच्या मेहेराबादला मौन धरलं, ते 31 जानेवारी 1969 रोजी देह ठेवेपर्यंत सोडलं नाही. आधी अक्षरफळ्यावर बोट फिरवून बोलत, ऑक्टोबर 1954 मध्ये तो फळाही बाजूला ठेवला आणि उरल्या नुसत्या खुणा. भक्तांनी हातातल्या कॅमेऱ्यांनी टिपलेल्या बहुतेक फिल्मही बिनआवाजाच्या. त्यामुळे त्या अंधाऱ्या खोलीत आवाज असायचा तो एकट्या मशीनचा. टर्रर्र करत ते मशीन तासभर चालायचं आणि आम्हा पोरांच्या मनात तोच बाबांचा आवाज होऊन बसला होता.

आता 31 जानेवारीला, अमरतिथीच्या सकाळी, तीच दृश्यं मोबाइलवर येतात. चित्र स्वच्छ, रंग ताजे. मागे कुणीतरी बासरी लावलेली असते. साडेत्रेचाळीस वर्षं गप्प राहिलेल्या माणसाला दोन मिनिटं गप्प बघणं आपल्याला जमत नाही. मी आवाज बंद करून बघतो, तर काहीतरी कमी वाटतं, आणि ते काय आहे हे घरात कुणाला सांगता येत नाही.

तेव्हा फिल्म बघायची म्हणजे आधी ती लावताना बघायची. मशीनवाले काका पत्र्याचा डबा गुडघ्यात धरून उघडायचे, रीळ वर चढवायचे, फिल्मचं टोक दातांच्या चाकांतून ओवून वर एक आणि खाली एक असा सैल वेटोळा सोडायचे. "हात लावू नका रे पोरांनो, ठसे उठतात," असं म्हणायचे आणि स्वतः मात्र भिंगावरची धूळ धोतराच्या सोग्याने पुसायचे. पडद्यावर आधी कोरा उजेड पडायचा. त्या उजेडात हाताचे ससे आणि कुत्रे करून दाखवायला आम्हाला अर्धं मिनिट मिळायचं. बाबा आले की ससे बंद.

खरी मजा मात्र नंतर. मोठी माणसं प्रसाद घेऊन चपला शोधायला गेली की आम्ही काकांच्या मागे लागायचो, "उलटी लावा ना काका, एकदाच!" त्यांचं मशीन उलटं चालायचं. मग बाबा पाठमोरे न होता मागे मागे चालत जायचे. गळ्यातला हार उडून भक्ताच्या हातात जाऊन बसायचा. दिलेली केळी सगळ्यांकडून परत गोळा व्हायची. आम्ही गडाबडा लोळायचो आणि काकाही हसायचे. परवा नातवाने मोबाइलवर तोच प्रकार दोन बोटांनी करून दाखवला. कुणी हसलं नाही, मीसुद्धा नाही.

हे वाचून कुणाला गहिवर येत असेल तर जरा थांबा. तेव्हा आम्हाला धड दिसायचं काय? पडदा म्हणजे चादर, तिला मधोमध शिवण, आणि ती शिवण नेमकी बाबांच्या नाकावरून जायची. पुढे उंच माणूस बसला की अर्धा सिनेमा त्याच्या टोपीचा. बल्ब उडाला की तासभर डास मारत बसायचं. शिवाय गती चुकीची. मुक्या फिल्मा सेकंदाला सोळा-अठरा चित्रांच्या हिशेबाने घेतलेल्या असत, आणि आमचं मशीन बोलपटाच्या चोवीसच्या गतीने पळायचं. बाबा भरभर चालायचे असं जुनी माणसं सांगतच असत, फिल्ममध्ये तर ते धावतच सुटलेले दिसायचे. अवतारी पुरुष असेच चालत असणार, अशी आमची समजूत होती. हल्ली गती दुरुस्त करून दाखवतात. त्यात बाबा सावकाश वळतात, थांबतात, म्हाताऱ्या बाईच्या गालावर हात ठेवतात. तो हात किती वेळ तिथे असतो, हे मला साठी उलटल्यावर कळलं. दीड पटीने पळवलेला माणूस आम्ही पंचवीस वर्षं पाहत होतो.

मागच्या वर्षी आमच्या ओळखीच्या एका छोट्या भक्तमंडळाचे फिल्मचे चार डबे निघाले. मंडळातली तरुण मुलं ते स्कॅन करून घेणार होती, आणि जुना माणूस म्हणून मला बोलावलं. डबा उघडला आणि लोणच्याच्या बरणीत डोकं घातल्यासारखं झालं. ॲसिटेटची फिल्म उष्ण, दमट हवेत बसली की आंबते, तिच्यातून व्हिनेगरचा वास सुटतो, मग ती आकसते, वाकडी होते, ठिसूळ होते. एका डब्याचा वास शेजारच्या डब्यालाही बाधतो. काकांनी हे डबे वर्षानुवर्षं देवघराच्या माळ्यावर, पत्र्याच्या छपराखाली ठेवले होते. घरातली सगळ्यात पवित्र जागा म्हणून. फिल्मच्या दृष्टीने त्याहून वाईट जागा नगरमध्ये शोधून सापडली नसती.

स्कॅन करणारी मुलगी पांढरे हातमोजे घालून बसली होती. हल्लीच्या यंत्रात फिल्म दातांवर ओढत नाहीत, मऊ रुळांवरून हळू सरकवतात आणि प्रत्येक चित्राखाली दिवा क्षणभर लागून त्याचा वेगळा फोटो निघतो. चारशे फुटांच्या रिळात सोळा हजार चित्रं असतात. पडद्यावर एक उभी हिरवट रेघ दिसायला लागली, ती काही जाईना. "ही धूळ नाही काका, ओरखडा आहे. मशीनवर पुन्हा पुन्हा चालवल्याचा." मी काही बोललो नाही. प्रत्येक वेळी बघताना फिल्म थोडी झिजत होती, आणि उलटी लावायला लावून आम्ही ती दुप्पट झिजवली होती. आमचं प्रेम त्या रेघेत स्पष्ट दिसत होतं.

मेहेराबादला बाबांच्या नावाच्या ट्रस्टचा अभिलेख विभाग आहे, बाबांच्या वस्तू, पत्रं, छायाचित्रं, फिल्म जपणारा. त्यांना जपण्याची अक्कल आम्हा भाविकांपेक्षा जास्त, म्हणूनच काही उरलं. 1967 मध्ये डच दिग्दर्शक लुई व्हान गास्तेरन बाबांच्या निवासस्थानी, मेहेराझादला येऊन चित्रण करून गेले. त्यात बाबांची बोटं हलतात आणि बाबांचे सहकारी एरच जेसावाला त्या खुणा वाचून दाखवतात. ते आज बघता येतं, ते कुणीतरी निगा राखली म्हणून. सगळ्यांचं नशीब असं नसतं. पहिला भारतीय बोलपट ‘आलम आरा’ 1931 चा, त्याची एकही प्रत शिल्लक नाही. जानेवारी 2003 मध्ये पुण्याला फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात आग लागली आणि नायट्रेटवरच्या कितीतरी जुन्या फिल्मा गेल्या. पुणे नगरहून तीन तासांवर, आणि तिथे तर सगळे जाणकार बसलेले.

डिजिटल झालं म्हणजे सुटलो, असंही नाही. रीळ बिघडताना निदान वास सोडतं, हार्ड डिस्क बिघडताना काही सांगत नाही. दर काही वर्षांनी नव्या डिस्कवर प्रत करावी लागते, एक प्रत दुसऱ्या गावी ठेवावी लागते, आणि मूळ रीळ टाकून द्यायचं नसतंच. ते थंड, कोरड्या जागी ठेवायचं. मंडळातल्या मुलांना हे सगळं पाठ आहे. त्यांनी काकांसारखं एकही भिंग सोग्याने पुसलेलं नाही. आणि त्यांच्यातल्या कुणालाही अर्धं मिनिट ससा करायला मिळालेलं नाही, हे मी त्यांना सांगितलं तर ती मुलं नम्रपणे हसली.

स्कॅनच्या मध्येच एका जागी चित्र उडी मारतं. बाबा प्रसादाचं केळं द्यायला हात वर नेतात आणि पुढच्याच क्षणी खुर्चीवर बसलेले दिसतात. "इथे जोड आहे," ती मुलगी म्हणाली. "साधारण फूटभर गेलंय. कुणी कापलं हो हे?"

कापलं काकांनी. फिल्म दर वेळी तिथेच तुटायची, मग ते दोन्ही टोकं कात्रीने नीट करून फिल्मचं सिमेंट लावून चिकटवायचे. दर वेळी दोन-चार चित्रं जायची. एकदा भोकंच फाटली तेव्हा मोठा तुकडा गेला. कापलेले तुकडे खाली सतरंजीवर पडायचे, आणि ते वेचायला आम्ही टपलेले असायचो. माझ्या कंपासपेटीत तसे सात-आठ होते. खिडकीशी धरून एक डोळा मिटून बघायचो, गुलाबी कोटाचा एक ठिपका आणि वर उचललेला हात. बाकीचे कुणाकडे गेले ते ठाऊक नाही. एकाचा पत्त्यांच्या बदल्यात सौदा झाल्याचं आठवतं.

एक फूट म्हणजे चाळीस चित्रं, मुक्या फिल्मच्या गतीने अडीच सेकंद. माझी कंपासपेटी सापडली, तिच्यात एकेका चित्राचे तीन तुकडे होते, ते मी नेऊन दिले. तेव्हाच्या आपल्यापैकी कुणाच्या घरी जुन्या पेटीत, चष्म्याच्या घरात, पोथीत खूण म्हणून, असा दोन-तीन चित्रांचा तुकडा असेल, तर पुसू नका, प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नका. साध्या कागदी पाकिटात घालून मंडळाकडे पाठवा. अजून सदतीस चित्रं यायची आहेत.