मुलुंड ते अंधेरी : बंद मोबाइलची फेरी

प्रवासवर्णन म्हटले की वाचकांना अजिंठा-वेरूळ आठवते. आम्ही मात्र आज तुम्हांला मुलुंडहून अंधेरीला नेणार आहोत. अंतर फार नाही, पण त्या एका दिवसाने आम्हां नवरा-बायकोला बरेच शिकवले.

निमित्त झाले मोबाइलचे. आमच्या घरात मोठा मोबाइल एकच. पगाराचा संदेश त्यावर, गॅसची नोंदणी त्यावर, वीजबिल त्यावर आणि मुलीचा कॉलेजचा अभ्यासही त्यावर. एका रात्री चार्जिंगला लावला तो सकाळी सुरूच होईना. नेमके त्याच वेळी मुलीच्या शिष्यवृत्तीच्या अर्जाला दोन दिवस उरले होते. हा अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरावा लागतो आणि त्यासाठी आधारला जोडलेल्या नंबरवर ओटीपी येतो. मुलीच्या डोळ्यांत पाणी आले. "आई, फॉर्म राहिला तर फी कुठून भरायची?" ती म्हणाली. या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते.

वॉरंटी संपून तीन महिने झाले होते. कंपनीचे सर्व्हिस सेंटर अंधेरीला आहे असे कळले. दोघांनीही कामावर खाडा केला आणि मुलुंडहून स्लो लोकल पकडली.

नाहूर, भांडुप, कांजूरमार्ग, विक्रोळी. एके काळी हा सारा पट्टा कारखान्यांचा. एल. बी. एस. मार्गावर भोंगा झाला की पाळीचे कामगार लोंढ्याने बाहेर पडत. विक्रोळीला गोदरेजचा परिसर लागतो. याच कंपनीने १९५५ साली भारतीय बनावटीचा टाइपरायटर आणि १९५८ साली भारतीय बनावटीचा फ्रिज तयार केला. आमच्या घरातले वडीलधारे याच पट्ट्यात फिटर होते. घरातला पंखा, इस्त्री, रेडिओ बिघडला की रविवारी दुपारी चटईवर स्क्रू मांडून बसत आणि संध्याकाळपर्यंत वस्तू चालू करीत. आता त्यातल्या कितीतरी कारखान्यांच्या जागी मॉल आणि टॉवर उभे आहेत. जिथे वस्तू घडत होत्या तिथे त्या विकल्या जातात. आणि हातातल्या मोबाइलला तर बाहेरून एक स्क्रूसुद्धा दिसत नाही!

घाटकोपरला उतरून मेट्रो धरली. मुंबईची ही पहिली मेट्रो ८ जून २०१४ रोजी सुरू झाली. वर्सोवा ते घाटकोपर सुमारे साडेअकरा किलोमीटर, बारा स्थानके. पूर्वी अंधेरीला जायचे तर बस साकीनाक्याच्या गर्दीत अडकून पडायची. मेट्रोने ते हाल वाचवले हे मान्यच केले पाहिजे. लोक फोन दाखवून भराभर आत जात होते. आम्ही मात्र खिडकीपुढे रांगेत उभे राहून रोख पैशांनी तिकीट काढले. असल्फ्याला डोंगरावरची रंगवलेली घरे दिसली. गाडीतून भिंतींचा रंग दिसतो, पण नळाला पाणी किती वेळ येते ते दिसत नाही.

सर्व्हिस सेंटर गारेगार होते. टोकन घेऊन तासभर बसलो. काउंटरवरच्या मुलाने मोबाइल उलटसुलट पाहिला, वायर लावून पाहिली आणि म्हणाला, "मदरबोर्ड गेलाय. अकरा हजार होतील. त्यापेक्षा नवीन घ्या, हप्त्यावर मिळेल."

मोबाइल घेतला होता साडेबारा हजारांना. आम्ही विचारले, "उघडून तर बघा." तो म्हणाला, "तुम्हांला नाही कळणार त्यातले." बिघाड लिहून मागितला तर तेही दिले नाही. त्या पोराचा राग नाही. तोही कुणाची तरी नोकरीच करतो. पण 'तुम्हांला नाही कळणार' हे शब्द लागले. याच अंधेरीत १९७३ साली सीप्झ सुरू झाले, ते इलेक्ट्रॉनिक मालाच्या निर्यातीसाठी. तिथे उपनगरांतल्या कितीतरी बायाबापड्यांनी बारीक बारीक भाग जोडले. हात आपलेच होते, मग कळणार नाही ते का?

हिरमुसून घाटकोपरला परतलो. स्टेशनबाहेर दोन हात रुंदीच्या टपरीत एक तरुण कारागीर भिंग लावून बसला होता. त्याने आमच्यासमोरच मोबाइल उघडला, मीटर लावला आणि म्हणाला, "ताई, बोर्ड चांगला आहे. चार्जिंगची पट्टी जळलीय. साडेचारशे होतील, पण पट्टी उद्या येईल."

उद्या म्हणजे शेवटचा दिवस. आम्ही अर्जाची अडचण सांगितली तसा तो हसला. "अहो, ओटीपी सिमवर येतो. सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये टाका की!"

एवढी साधी गोष्ट, पण घाबरलेल्या माणसाला ती सुचत नाही. घरी आजींचा बटणांचा फोन होता. सारे घर त्याला हसायचे. आमचे सिम आकाराने लहान, म्हणून कारागिराने दहा रुपयांची चौकट दिली. सिम टू-जी फोनमध्ये चालणारे होते हे बरे झाले. त्याच रात्री सायबर कॅफेत आजींच्या फोनवर सहा आकडे आले आणि अर्ज गेला. आजी म्हणाल्या, "माझ्या डबड्याला हसत होता ना?"

दुसऱ्या दिवशी मोबाइल सुरू झाला. फोटोही जसेच्या तसे.

वाचक बंधू-भगिनींनो, यातून काही गोष्टी ध्यानात ठेवा. अर्ज शेवटच्या दिवसांवर ढकलू नका. ती चूक आमचीच होती. बिल जपून ठेवा. दुरुस्तीला देताना जॉबशीट मागा आणि बिघाड लेखी घ्या. मोबाइल ठेवून यायचे असेल तर सिम काढून घ्या. दुरुस्तीच्या हक्कासाठी केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केले आहे. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. उपनगर जिल्ह्याचा आयोग वांद्रे पूर्वेला आहे.

यंत्र वापरायचे तर त्याला भिऊन चालणार नाही. आणि कुणी 'तुम्हांला नाही कळणार' म्हटले, तर उठून जाऊ नका. 'मग समजावून सांगा' म्हणा.