माडीवरून ऐकलेला तमाशा

माझं माहेर जुन्नर तालुक्यातलं, नारायणगावापासून कोसभर. चैत्रात आमच्या गावची जत्रा. पाडव्याच्या सुमारास नारायणगावात फडमालकांच्या राहुट्या पडत आणि गावोगावचे पंच तिथं जाऊन सुपारी ठरवत. आमचे आबा पंचांत. ते परतले की मी हळूच विचारी, "औंदा कुणाचा फड?" आबा म्हणत, "तुला गं काय करायचंय?"

ही १९७० नंतरची गोष्ट. आमच्या घरातल्या बायकांनी तमाशाला जायचं नाही, हा दंडकच होता. पण विठाबाई भाऊ मांग नारायणगावकरांचा फड आला की मी नि चुलतबहीण माडीच्या खिडकीत बसायचो. भोंग्यातून सगळं ऐकू यायचं. आधी ढोलकी-हलगी, मग गण, गौळण, सोंगाड्याची बतावणी आणि मध्यरात्र उलटल्यावर वग. हा क्रम मला नुसत्या कानांनी पाठ झाला. मावशीच्या बोलण्यावर माणसं खदखदली की आम्हीही हसायचो. त्या हसण्यात आबांचं हसू ओळखू यायचं! सकाळी धाकट्या भावाला भाकरीवर लोण्याचा गोळा जास्त द्यायचा, की तो वगाची सगळी कथा सांगे.

विठाबाई भरल्या दिवसांत नाचता नाचता आत जाऊन बाळंत झाल्या आणि पुन्हा बोर्डावर आल्या, ही हकिकत साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. बांधावर बाळंत झालेल्या बाया आमच्याकडंही होत्या, त्यामुळं मला त्या कधी परक्या वाटल्या नाहीत. रात्रभर त्यांच्यावर पैसे उधळणारी माणसं सकाळी त्यांना ओसरीवर बसू देत नव्हती, ते मात्र तेव्हाही खुपायचं.

१९७७ साली लग्न होऊन संगमनेरकडं आले. सासरी तो विषयच निघाला नाही. १९९० साली विठाबाईंना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला, तेव्हा वर्तमानपत्रातला फोटो कापून मी लुगड्याच्या घडीत ठेवला. २००२ साली त्या गेल्या. ज्यांच्यावर एवढा जीव, त्यांना मी एकदाही पाहिलं नव्हतं.

२०१८ सालच्या आमच्या जत्रेत त्यांच्या लेकीचा, मंगला बनसोडे यांचा फड ठरला. मी काही बोलले नाही. पण सूनबाईला तो फोटो कधीतरी सापडला असावा. ती म्हणाली, "आई, आपण सगळेच जाऊ." आमचे मालक म्हणाले, "लोक काय म्हणतील?" ती म्हणाली, "लोक तिथंच असतील की!"

गेलो. ताडपत्री अंथरून बसलो, मालक, मुलगा, सून, नऊ वर्षांची नात आणि मी. बायका पुष्कळ होत्या. सुरुवातीला सिनेमाची गाणी झाली, पोरांच्या शिट्ट्या, कानठळ्या बसवणारा ड्रम. माझी ढोलकी त्यात बुडालीच. नात खुशीत होती, मी मात्र हिरमुसले.

मग साठी ओलांडलेल्या मंगलाबाई आल्या. ड्रम थांबला, ढोलकी बोलू लागली आणि पोरं गप्प झाली. मी पदर तोंडाला लावला.

शेजारून मालक हळूच म्हणाले, "आईसारखीच उभी राहते."

मी चमकून पाहिलं. "तुम्ही विठाबाई पाहिल्यात?"

"पाहिल्यात की. चार-पाच वेळा. एकदा तर तुझ्याच गावच्या जत्रेत."

लग्नाला एक्केचाळीस वर्षं झाली होती आणि हा माणूस मला हे आत्ता सांगत होता! मला असा राग आला की पुढची बतावणी ऐकूच आली नाही. ते बिचारे म्हणाले, "घरातल्या बाईपुढं तमाशाचं कसं काढायचं? तू तरी कुठं कधी बोललीस?"

वग सुरू होऊन रंगात येतो न येतो तोच दहा वाजले. रात्री दहानंतर भोंग्याला बंदी हा २००० सालापासूनचा कायदा, त्यामुळं वग अर्ध्यातच आवरता घ्यावा लागला. आमच्या लहानपणी तो उजाडेपर्यंत चाले.

घरी येताना मी म्हटलं, "आता सांगा, कशा होत्या." नातीला खांद्यावर टाकून ते सांगू लागले. बोर्डावर येताना पदर कसा खोचायच्या, ढोलकीवाल्याकडं मान वळवून कसं पाहायच्या. घर आलं तरी त्यांचं संपेना. सूनबाईनं चुलीवर चहा टाकला.

जत्रेत दुसऱ्या दिवशी सकाळी फडाची हजेरी असते. मुलगा म्हणाला, "धारा लवकर काढून घेऊ, म्हणजे नऊपर्यंत पोचू."