इवलासा कारागीर

जंतू हा शब्द ऐकताच आपण नाक मुरडतो. रोगराई पसरविणारे शत्रू, अशीच त्यांची ख्याती आहे. मला मात्र त्यांच्याविषयी एक प्रकारचा आदर वाटतो. रात्री दुधाला विरजण लावून आपण स्वस्थ झोपतो आणि सकाळी भांड्यात घट्ट दही तयार असते! ही किमया जंतूंचीच. असाच एक जंतू खनिज तेलावर काम करतो, हे वाचले तेव्हा माझ्या कौतुकाला पारावार उरला नाही.

भूमीच्या पोटातून निघणाऱ्या तेलात गंधक दडलेले असते. तसेच तेल जाळले, तर गंधकाचा विषारी वायू हवेत मिसळतो. त्याने श्वास कोंडतो आणि पावसाचे पाणीही आम्ल बनते. म्हणूनच १ एप्रिल २०२० पासून आपल्या देशातील पेट्रोल व डिझेल यांच्या दहा लाख भागांत गंधकाचे १० भागांहून अधिक असू नयेत, असा नियम झाला. हे गंधक काढण्यासाठी शुद्धीकरण कारखान्यांत तेल ३०० अंश सेल्सियसहून अधिक तापवितात आणि मोठ्या दाबाखाली त्यात हायड्रोजन मिसळतात. म्हणजे हवा शुद्ध राखण्यासाठी पुन्हा इंधनच जाळायचे! हे कोडे मला अस्वस्थ करते.

रोडोकॉकस एरिथ्रोपोलिस नावाचा जंतू हेच काम सुमारे ३० अंशांच्या साध्या उबेत करतो. वाढीसाठी त्याला गंधक हवे असते. सीताफळाचा गर राखून बी तेवढी वेगळी करावी, तसे तो तेलातील कार्बनाचा सांगाडा न मोडता गंधक अलगद सोडवून घेतो. तेलाची जळण्याची शक्ती त्यामुळे वाया जात नाही.

मग मोठ्या कारखान्यांनी त्याला अद्याप कामावर का ठेवले नाही? कारण त्याची भूकच इवलीशी! पोटापुरते गंधक मिळाले, की तो तृप्त होतो. शिवाय जगण्यास त्याला पाणी लागते, आणि तेलाचे व पाण्याचे सख्य नाही. जेथे दिवसाला हजारो टन तेल येते, तेथे त्याची संथ गती पुरी कशी पडावी?

तरीही बळाने होणारे काम युक्तीनेही होऊ शकते, हे डोळ्यांना न दिसणाऱ्या या जिवाने दाखवून दिले आहे. त्याची गती वाढविण्याचे कोडे जो सोडवील, तो भट्ट्यांची आच कमी करील. तो कोणी तुमच्यापैकीच असावा, असे मला मनापासून वाटते.