दूरच्या वाटेची गाडी

सहल ठरली की आपल्या वस्तीत आधी वर्गणी जमते, मग जेवणाची चर्चा होते आणि गाडीचा विचार अगदी शेवटी येतो. लोणावळा-महाबळेश्वरला हे खपून जाते. गाडी बंद पडली तरी तासाभरात मिस्त्री मिळतो. मनाली ते लेह या रस्त्यावर मात्र हे चालत नाही. टांडी गावच्या पंपावरचा, पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असल्याचा फलक प्रसिद्ध आहे. २०२० साली अटल बोगदा सुरू झाला आणि रोहतांगची खिंड टळली. परंतु बारालाचा ला, लाचुंग ला आणि १७ हजार फुटांहून उंच असलेली तंगलंग ला या खिंडी ओलांडाव्याच लागतात.

लडाखचे गोम्पा पाहावेत म्हणून आमच्या वस्तीतील काही मंडळी निघाली. गाडी आमच्यातल्याच एका मित्राची बोलेरो होती. डिझेल आणि सामानाचा खर्च सर्वांनी वाटून घ्यायचा होता. हिशेब अर्थातच आमच्याकडे आला. शहरातील एका दुकानदाराने आम्हाला ३५ हजारांची यादी करून दिली. त्यात छपरावर लावायची दिव्यांची पट्टी होती, मोठे कॅरियर होते, पुढचा लोखंडी बंपर होता. कुणी धुणीभांडी करून, तर कुणी ओव्हरटाइम करून दिलेला हा पैसा. तो शोभेवर कसा घालवायचा?

आम्ही वहीत तीन रकाने पाडले : वस्तू, किंमत आणि वापरणार कोण. तिसरा रकाना रिकामा राहिला की ती वस्तू रद्द. या एका नियमाने निम्मी यादी गळाली.

पहिला खर्च टायरवर केला. झिजलेले दोन टायर बदलले आणि एकाऐवजी दोन स्टेपनी घेतल्या. ट्यूबलेस टायरला खिळ्याने भोक पडले तर पट्टी घालून पंक्चर निघते, पण दगडाने टायरची बाजू फाटली तर पट्टीचा उपयोग नाही. तेथे स्टेपनीच लागते. बॅटरीला चिमटे लावून चालणारा हवेचा पंप आणि हवा मोजण्याचे मीटर घेतले. जॅक मऊ मातीत रुततो, म्हणून त्याच्याखाली ठेवायला जाड फळी घेतली. चाकाचे नट घट्ट बसलेले असतात. पान्याच्या दांड्यावर दोन फुटी लोखंडी पाइप चढवला की कमी ताकदीच्या माणसालाही ते सुटतात. फळी आणि पाइप भंगारातून आले.

दुसरी गोष्ट रेडिएटरची. तेथे उन्हाळ्यातही रात्री पारा शून्याखाली जाऊ शकतो आणि चढावर इंजिन तापते. नुसते पाणी गोठते आणि लवकर उकळते. म्हणून योग्य प्रमाणात कूलंट भरावे.

तिसरी गोष्ट वजनाची, आणि वाद झाला तो येथेच. उंचावर हवा विरळ, त्यामुळे इंजिनाची ताकद घटते. नऊ माणसे आणि सामान घेऊन गाडी खिंड चढताना हैराण होणार. आम्ही सातच माणसे न्यावयाची असे सुचविले. माणशी वर्गणी वाढली, दोघे नाराज झाले. तरीही निर्णय बदलला नाही. जड सामान छपरावर न चढवता खाली, पायांजवळ ठेवले, कारण वर वजन असले की वळणावर गाडी कलंडण्याचा धोका वाढतो.

याखेरीज ओढदोर, फावडे, बॅटरीच्या केबली, टॉर्च, २० लिटर पाणी, दोन दिवसांचा सुका खाऊ आणि माणशी एक ब्लँकेट. गाडी अडली तर रात्र आत बसून काढावी लागते, हे गृहीत धरूनच ही तयारी होती.

निघण्याआधी एका रविवारी मैदानात सर्वांना चाक बदलायला लावले. काही पुरुष हसले, “बायकांना कशाला?” पण पांगच्या अलीकडे टायरची बाजू फाटली तेव्हा आमचा चालक मित्र डोके धरून बसला होता. उंचीचा त्रास कुणालाही होतो. त्या वेळी आमच्या एका वहिनींनी फळी लावली, जॅक चढवला आणि पाइप घालून नट सैल केले. धाप लागत होती, म्हणून थांबत थांबत काम झाले. पुढेही हाताशी एक स्टेपनी होती, त्यामुळे कुणी घाबरले नाही.

घरी परतल्यावर हिशेब मांडला. एकूण खर्च दुकानदाराच्या यादीच्या निम्म्याहूनही कमी झाला होता. दूरच्या वाटेला निघणाऱ्या बंधुभगिनींनी दुकानात जाण्यापूर्वी ते तीन रकाने जरूर पाडावेत. तिसऱ्या रकान्यात प्रत्येक वस्तूपुढे किमान दोन नावे असावीत, आणि त्यांतील एक नाव चालकाचे नसावे.