धडधडीत

मंडळी, आज एका शब्दाविषयी थोडंसं. शब्द इंग्रजी आहे, ‘फ्लॅग्रंट’.

आमच्या पिढीने मराठी माध्यमातून शिकताना इंग्रजी शब्द पाठ केले. स्पेलिंग आणि अर्थ एवढीच काय ती ओळख. शब्दाचं कूळ-गोत्र विचारायला सवड कुणाला होती? त्यामुळे फ्लॅग्रंट म्हणजे उघड, निर्लज्ज, एवढंच माझ्या वहीत होतं. ‘नियमांचं फ्लॅग्रंट उल्लंघन’ असं आपण वाचतो ना, तोच हा. बास्केटबॉल पाहणाऱ्या नातवंडांना ‘फ्लॅग्रंट फाउल’ही माहीत असतो. निवृत्तीनंतर शब्दांची मुळं शोधायचा नाद लागला, तेव्हा कळलं की हा शब्द मुळात वाईट नव्हताच. त्याचा पहिला अर्थ धगधगून जळणारा, तेजस्वी!

मूळ लॅटिन क्रियापद ‘फ्लाग्रारे’, म्हणजे जळणे, पेटणे. सारं गाव गिळणाऱ्या आगीला इंग्रजीत ‘कॉन्फ्लग्रेशन’ म्हणतात, ते याचंच भावंड. आपल्या गुलमोहराचं एक इंग्रजी नाव ‘फ्लॅम्बॉयंट’, तेही याच गोतावळ्यातलं. ऐन वैशाखातला गुलमोहर पाहिलेल्या माणसाला त्याचं कारण सांगायला नको. ग्रीक भाषेतही जाळण्यासाठी याच कुळातलं क्रियापद होतं. त्यावरून दाहाला आणि मग कफाला नाव मिळालं आणि गंमत म्हणजे त्यातूनच थंड, मख्ख स्वभावाच्या माणसाला ‘फ्लेग्मॅटिक’ म्हणू लागले. आगीच्या पोटी बर्फ! संस्कृतातला ‘भ्राज्’, म्हणजे तळपणे, हा धातूही अभ्यासक याच मुळाशी नेऊन जोडतात.

मग इतक्या तेजस्वी घराण्यातला हा शब्द गुन्हेगारांच्या संगतीला कसा लागला? त्याचं उत्तर कायद्यात आहे. रोमन कायद्याच्या परंपरेत एक लॅटिन शब्दप्रयोग रूढ झाला, ‘इन फ्लाग्रांते देलिक्तो’. शब्दशः अर्थ, गुन्हा अजून पेटता असताना. सहाव्या शतकातल्या सम्राट जस्टिनियनच्या संहितेतही पेटत्या गुन्ह्याची ही कल्पना आहे. फ्रान्सच्या फौजदारी कायद्यात ती आजही जिवंत आहे. गुन्हा घडत असताना किंवा नुकताच घडला असताना पोलिसांना जादा अधिकार मिळतात. लोक आरडाओरडा करत ज्याच्या मागे धावताहेत, असा माणूसही त्यात येतो. म्हणजे गुन्हा अजून निवलेला नाही! कायद्याच्या या वापरामुळेच बहुधा अठराव्या शतकाच्या सुरुवातीपासून इंग्रजीत फ्लॅग्रंटला हा वाईट अर्थ चिकटला आणि तेज मागे पडलं.

हे वाचताना मला आपली मराठी आठवली. आपण काय म्हणतो? जाळ धडधडा पेटला. आणि दुसरीकडे? धडधडीत खोटं बोलतो. म्हणजे आपणही चुलीतला जाळ उचलून थापाड्याच्या तोंडी नेऊन ठेवलाच की. दोन भाषांना वेगवेगळ्या वाटेने एकच गोष्ट सुचली. पेटलेलं झाकता येत नाही.

इथपर्यंत मजा होती. पुढचं वाचून मात्र मी थबकलो. रोमन कायद्यात चोरीचे दोन प्रकार होते. चोरी करताना पकडला गेला, तर मालाच्या चौपट दंड. मागाहून सिद्ध झाली, तर दुप्पट. त्याही आधी, इ. स. पू. ४५० च्या सुमाराच्या ‘बारा पाट्यां’च्या कायद्यात तर जागेवर सापडलेल्या गुलामाला फटके मारून कड्यावरून लोटायची शिक्षा होती. चोरी तीच, माल तोच. फरक एवढाच, की एकाची आग लोकांनी पाहिली. फ्रेंच विचारवंत माँतेस्क्यू यालाही हे चमत्कारिक वाटलं होतं. १७४८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या कायद्यांवरच्या ग्रंथात त्याने याचा संबंध स्पार्टाशी जोडला. तिथे मुलांना चोरीबद्दल नव्हे, पकडलं गेल्याबद्दल फटके बसत.

माझ्या नोकरीत मी दहावीच्या परीक्षांना बरीच वर्षं पर्यवेक्षक होतो. एका केंद्रावर भरारी पथक आलं. तिसऱ्या बाकावरच्या मुलाच्या हातात चिठ्ठी सापडली. रंगेहाथ. अंगावर आखूड झालेला शर्ट, पायात स्लीपर. त्याचं ते वर्ष गेलं. नियमाप्रमाणेच झालं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्याच केंद्राच्या कुंपणाबाहेर उत्तरं लिहून देणारी मोठी माणसं बसलेली असायची, हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. चिठ्ठीवरचं अक्षर त्या मुलाचं नव्हतं, हे मी पाहिलं होतं आणि पथकाला तिथेच सांगितलंही. त्यांनी मान डोलावली आणि मुलाची उत्तरपत्रिका सील केली. बाहेरच्यांना कुणी काही विचारलं नाही. त्यांच्या हातात त्या क्षणी काही पेटतं नव्हतं ना!

तेव्हापासून धडधडीत या शब्दाइतकाच मला धुमसणे हा शब्द महत्त्वाचा वाटतो. उकिरडा वरून राखेसारखा शांत दिसतो, पण आत धग असते. ती कुणाला पकडता येत नाही, तिचा पंचनामा होत नाही, आणि पुढच्या वाऱ्याला गंजी पेटते ती तिच्यामुळेच. आपण मात्र गंजीजवळ जो उभा सापडेल त्याला धरतो.

पेटलेल्या गुन्ह्याला शिक्षा व्हायलाच हवी, मी मास्तर माणूस, दुसरं काय म्हणणार? पण तो मुलगा आज चाळिशीचा असेल. कुंपणाबाहेरच्यांचं काय झालं, असं त्याने कधी मला विचारलं, तर माझ्याकडे उत्तर नाही. शब्दकोशात तर नाहीच नाही.

असो. धुमसणाऱ्या गोष्टींसाठी तुमच्या भागात आणखी काही शब्द असतील, तर जरूर कळवा. वहीत भर घालीन.