श्रीवर्धनचे ऊन पाणी

पुण्याहून ताम्हिणी घाट उतरून माणगाव आणि म्हसळा मागे टाकले, की श्रीवर्धन जवळ आल्याची खूण आधी नाकाला पटते. हवा दमट व खारट होते. मग जांभ्या दगडाचे गडगे दिसू लागतात आणि त्यांच्या आडून नारळी-पोफळी डोकावतात. तुम्ही या गावी गेला नसाल, तर एकदा अवश्य जा. मात्र घाईने जाऊ नका. हे गाव पायी, सावकाश पाहण्याचे आहे.

भट घराण्यातले पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ मूळचे येथले. भट घराण्याकडे श्रीवर्धनची देशमुखी होती. १७१३ साली छत्रपती शाहू महाराजांनी बाळाजींना पेशवेपद दिले आणि या आडबाजूच्या बंदराचे नाव इतिहासात गेले. आज गावाची ओळख आहे ती येथल्या रोठा सुपारीमुळे. जानेवारीत आम्ही गेलो तेव्हा घरोघरच्या खळ्यांत सुपारी वाळत पडली होती. वाड्यांत मधूनमधून उघडे आभाळ दिसत होते. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने येथल्या पोफळी अक्षरशः काडीसारख्या मोडल्या. पोफळ फळाला यायला पाच ते सात-आठ वर्षे लागतात. त्यामुळे मोठ्या झाडांच्या मधल्या जागेत लावलेली कोवळी रोपे पाहताना मन हलते. सुपारीची वाडी डोळे भरून पाहावी. सुपारी तोंडात मात्र धरू नये. ती कर्करोगास कारण होते, हे आता निर्विवाद आहे.

आमच्या लग्नाच्या तिसाव्या वाढदिवसाची भेट म्हणून मुलीने येथे दोन रात्रींचे कॉटेज ठरवून दिले होते. वाडीच्या कडेला कौलारू छपराचे टुमदार घर, पुढे लाकडी ओटा आणि ओट्यावर हॉट टब. गरम पाण्यात गळ्यापर्यंत बसून पलीकडच्या लाटांची गाज ऐकायची, अशी योजना. आता कोकण किनाऱ्यावर अशी कॉटेजेस ठिकठिकाणी झाली आहेत आणि त्यांत जोडप्यांची वर्दळ असते. त्यात वावगे काहीच नाही. ऊन पाण्याचे सुख आपल्याला नवे नाही. याच रायगड जिल्ह्यात पालीजवळ उन्हेरे आणि महाडजवळ सव येथे गरम पाण्याची कुंडे आहेत. घराघरांत तांब्याचा बंब होता, घंगाळ होते, दिवाळीचे अभ्यंगस्नान होते. फरक एवढाच, की घंगाळातले पाणी आपण तांब्याने अंगावर घेतो आणि दहा मिनिटांत उठतो. टबात आपण बुडून राहतो आणि वेळेचे भान सुटते.

आमचेही सुटले. समुद्रकिनाऱ्यावर चालून आल्यावर संध्याकाळी आम्ही टबात उतरलो. पाण्याचे तापमान ४१ अंश सेल्सिअस दिसत होते. दिवसभराचा प्रवास, पाणी बेताचेच प्यालेलो, आणि गप्पा मात्र कित्येक महिन्यांनी रंगलेल्या. पंचवीस-तीस मिनिटे कशी गेली कळले नाही. काळोख पडू लागला तसे हे, म्हणजे माझे यजमान, दिवा लावायला म्हणून झटकन उभे राहिले, आणि दुसऱ्याच क्षणी टबाची कड चाचपू लागले. चेहरा पांढराफटक, ओठ कोरडे, "अगं, काही दिसत नाही," एवढेच शब्द. मी मागून दोन्ही काखांत हात घालून त्यांना कसेबसे कडेवर बसवले आणि तेथून ओट्यावर आडवे केले. पाय उशांवर उंच ठेवले. रक्तदाबाचे यंत्र माझ्या बॅगेत असतेच. आकडा ८६/५४ होता.

दोन-तीन मिनिटांत चेहऱ्यावर रंग परतला. वाडीची देखभाल करणाऱ्या काकी धावत आल्या होत्या. ते पूर्ण सावध होऊन उठून बसल्यावर काकींनी मीठ घातलेले कोकम सरबत दिले. अर्ध्या तासाने रक्तदाब ११०/७० झाला. पण माझ्या मनातला हिशेब जुळत नव्हता. यांची रक्तदाबाची एक सौम्य गोळी मीच सुरू केलेली आहे. तेवढ्याने आकडा इतका घसरू नये.

"अहो, आणखी कुठलं औषध घेता का?" मी विचारले.

ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "प्रोस्टेटसाठी एक गोळी. तीन महिने झाले. दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो होतो."

"मला का नाही सांगितलंत?"

"घरात मला बायको हवी होती, डॉक्टर नको होती."

वाचकहो, तीस वर्षांच्या व्यवसायात माझ्या निदानावर अनेकांनी प्रश्न केले असतील. पण इतके वर्मी लागलेले वाक्य दुसरे आठवत नाही. ते रात्री तीन-तीनदा उठतात, हे मी पाहिले होते. "संध्याकाळचा चहा कमी करा," असे म्हणून मी कूस बदलली होती. दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येकाला मी विचारते, "आणखी कोणत्या गोळ्या चालू आहेत?" हा प्रश्न मी घरी कधी विचारलाच नव्हता.

काय घडले ते समजून घ्या, कारण हे कोणाच्याही घरी घडू शकते. गरम पाण्याने त्वचेखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि रक्तदाब उतरतो. पाण्यात असेपर्यंत पाण्याचा दाब पायांतले रक्त वर ढकलत राहतो, म्हणून त्रास जाणवत नाही. माणूस झटकन उभा राहिला की हा आधार जातो, रक्त पायांत साचते आणि मेंदूला ते क्षणभर अपुरे पडते. घामाने शरीरातले पाणी कमी झालेले असेल तर भर पडते. प्रोस्टेटसाठी दिली जाणारी टॅम्सुलोसिनसारखी औषधे आणि हृदयविकारातील नायट्रेटच्या गोळ्याही रक्तवाहिन्या सैल करतात. रक्तदाबाच्या गोळीला त्यांची व गरम पाण्याची जोड मिळाली, की आमच्यासारखा प्रसंग ओढवतो. पण म्हणून गोळी परस्पर बंद करू नका. आपल्या डॉक्टरांशी बोला.

टबात उतरायचेच असेल तर थोडे पथ्य पाळा. पाणी ४० अंशांच्या वर नको; साठीकडे झुकलेल्यांना ३८ पुरे. दहा ते पंधरा मिनिटांत बाहेर या. आधी पाणी प्या. मद्य घेऊन टबात मुळीच उतरू नका. उठताना आधी कडेवर मिनिटभर बसा, मग आधार धरून उभे राहा. एकट्याने बसू नका. गर्भवतींनी, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत, आणि पाच वर्षांखालील मुलांना घेऊन टब टाळावा. मधुमेहाने पाय बधिर झाले असतील तर चटका कळत नाही, हे ध्यानात ठेवा. अपत्याचा विचार करणाऱ्या जोडप्यांनी रोज रोज टबात बसू नये. उष्णतेने शुक्रजंतूंची निर्मिती काही काळ मंदावते. कोणी पाण्यातच बेशुद्ध झाले तर प्रथम डोके पाण्याबाहेर धरा आणि मदतीला हाक मारा. शुद्ध मिनिटभरात परतली नाही, छातीत दुखू लागले किंवा बोलणे अडखळले, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा.

स्वच्छतेची चौकशी करण्यात संकोच नको. ऊन पाण्यातले क्लोरीन लवकर उडते, आणि मग केसांच्या मुळांशी खाजरे पुरळ उठवणारे जंतू तेथे वाढतात. काही जंतू वाफेबरोबर फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया करतात. पाणी गढूळ असेल किंवा टबाच्या कडा बुळबुळीत लागत असतील तर उतरू नका. पाणी कधी बदलले, क्लोरीन कधी तपासले, हे खुशाल विचारा.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही सुरूच्या झाडांखालून किनाऱ्यावर गेलो. ओहोटी लागली होती आणि जीवना बंदराच्या दिशेने होड्या परतत होत्या. ओल्या वाळूतून चालताना हे सावकाश बोलत राहिले. तपासण्या कोणत्या झाल्या, त्या डॉक्टरांनी काय सांगितले, कर्करोगाची शंका येऊन किती रात्री झोप लागली नव्हती, आणि अहवाल निर्धोक आल्यावरही ते सांगायला शब्द कसे सापडले नव्हते. मी एकही सल्ला दिला नाही. नुसते ऐकले. मला ते अवघड गेले, हे कबूल करते.

संध्याकाळी आम्ही पुन्हा टबाशी बसलो. पाणी ३८ अंश, आणि आत फक्त पाय. काकींनी आणून दिलेले शहाळे दोघांनी मिळून संपवले.

तुम्हीही असे चार दिवस अवश्य काढा. निघण्याच्या आदल्या रात्री मात्र बॅग भरण्याआधी एक काम करा. दोघांच्या सगळ्या गोळ्या, लपवलेल्यासुद्धा, जेवणाच्या टेबलावर मांडा. कोणती गोळी कशासाठी, हे एकमेकांना सांगा. आणि समोरचा सांगत असेल तेव्हा मध्येच उपदेश करू नका.