पुकारा

प्रिय चिमे,

फोनवर तू रडत होतीस आणि मी नुसतं 'हो गं, हो गं' करत राहिले, म्हणून आता लिहायला बसलेय. बेलिफाने समन्स हातात ठेवलं तेव्हा समोरच्या काकू गॅलरीत होत्या, याचंच तुला जास्त लागलेलं दिसतं. काकूंचं सोड. समन्स म्हणजे वॉरंट नव्हे. तुझ्या नवऱ्याने अर्ज केलाय, अमुक दिवशी येऊन तुझं म्हणणं मांड, एवढाच त्याचा अर्थ. जायचं मात्र नक्की. नाही गेलीस तर प्रकरण एकतर्फी चालतं आणि ते पूर्ववत करायला दुप्पट खेटे पडतात.

कागदावर तू 'जाबदार' आहेस. हा शब्द माझ्या केसच्या वेळी मला फार झोंबला होता. कसला जाब द्यायचा मी? पुढे कळलं, आधी जाऊन अर्ज टाकतो तो अर्जदार, मागे राहतो तो जाबदार. बस.

माझ्या पहिल्या तारखेला मी वही घेऊन गेले होते. चौदा पानं, तारीखवार. कोण काय बोललं, कुणी दार आपटलं, सगळं. रात्रभर उजळणी केलेली. साडेदहाला पोचलो, बोर्डावर आमचा नंबर सत्तेचाळीस. व्हरांड्यात बसायला एकच जागा होती, आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला सासूबाई. बाबा उभेच राहिले. मी बसले. बराच वेळ आम्ही दोघी समोरच्या भिंतीवरच्या लाल नळकांड्याकडे बघत होतो. मग माझ्याकडे न बघताच त्या म्हणाल्या, "गुरुवार ना तुझा आज?" आणि डब्यातला दाण्याचा लाडू पुढे केला. मी बाबांकडे पाहिलं, मान हलवली, घेतला नाही. त्यांनी डब्याचं झाकण लावलं, दोनदा दाबून. वहीत सासूबाईंची तीन पानं होती. हा लाडू त्यात कुठेच बसत नव्हता.

अडीचला शिपायाने पुकारा केला. सासरच्या आडनावासकट माझं पूर्ण नाव, रेशनच्या दुकानात ओरडावं तसं. आत गेलो. न्यायाधीश बाईंनी फाइल चाळली, दोन्ही पक्ष हजर आहेत का विचारलं, समुपदेशकांकडे जा म्हणाल्या आणि पुढची तारीख दिली. दोन मिनिटंही झाली नसतील. वही पिशवीतून निघालीच नाही. त्या दिवशी माझं खरं-खोटं व्हायचंय असं धरून मी गेले होते, आणि तिथे मला कुणी काही विचारलंच नाही. राग आला. बाहेर येऊन आधी बाबांवरच काढला, बिचारे पाणी आणायला गेले होते.

पण ती रीतच तशी आहे. १९८४च्या कुटुंब न्यायालय कायद्यात आधी समेटाचा प्रयत्न करा असं न्यायालयालाच सांगितलंय, म्हणून समुपदेशक. तिथे ये म्हटलं म्हणजे 'नांदायला जा' असा हुकूम नव्हे, घाबरू नकोस. समेट म्हणजे एकत्र राहणंच असंही नाही, नीट वेगळं होणंही त्यात येतं. त्याच कायद्यात वकील हा हक्क नाही, परवानगी घ्यावी लागते. ती बहुधा मिळते. फीची काळजी करत होतीस ना? बायकांना उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज कर, न्यायालयाच्या आवारातच विचार. लाज कसली त्यात? कैफियत, म्हणजे तुझं लेखी उत्तर, मात्र लांबवू नकोस. दिवाणी कामात समन्स मिळाल्यापासून ३० दिवस धरतात, आणि तुझे पाच तर रडण्यात गेलेत.

अंतरिम पोटगी मागणार असशील तर खरं काम घरी आहे. २०२०पासून सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे दोघांनाही मिळकत, खर्च, कर्ज, दागिने शपथेवर लिहून द्यावे लागतात. तुझ्या शिकवण्यांचे पैसेही लिही. लपवलेले दोन हजार उलटतपासणीत वीस हजारांना पडतात. बँकेची पासबुकं, मुलीच्या शाळेच्या पावत्या, लग्नातल्या सोन्याची बिलं असतील तर एका फायलीत लाव. तुझं तुलाच कळेल घर कोण चालवत होतं ते. मला ते मिळकत-खर्चाच्या तक्त्यावरूनच कळलं, वहीवरून नाही.

दादाला आणू नकोस. त्याचं प्रेम आहे, पण व्हरांड्यात तो आवाज चढवेल आणि दिवसभर तुला त्यालाच सांभाळावं लागेल. मी येते. वही हवी तर आण, पण पिशवीत खाली ठेव. मुलीला त्या दिवशी शेजारी सोड, त्या काकूंकडेच सोड, एवीतेवी त्यांना सगळं माहीत झालंय.

आणि घरून पोळी-भाजी खाऊन निघ. नंबर कितीचा लागेल सांगता येत नाही. मी थर्मास आणि थोडे दाण्याचे लाडू आणते. जास्तच आणते. बाकावर शेजारी कोण येऊन बसेल काय सांगावं.

तुझी,
ताई